ब्राउझरमध्ये मेल लिहिताना अक्षरं बिघडतात, तेव्हा दोष नेमका कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: ब्राउझरमध्ये मेल लिहायला घेतला की मजकूर नीट दिसत नाही. कधी अक्षरं एकदम बारीक होतात, कधी मधल्याच दोन ओळी वेगळ्या फॉन्टमध्ये जातात, कधी टाइप केलेलं दिसतच नाही, आणि मराठीच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं उमटतात. ब्राउझर काढून पुन्हा टाकला तरी फरक नाही.

पुन्हा टाकून फरक पडत नाही यात नवल नाही. क्रोम काढला तरी त्याचं प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम), सहसा मागे राहतं. तेही पुसलंत तरी खात्यात साइन इन करताच सिंकमधून, म्हणजे खात्यात साठवलेल्या प्रतीतून, सगळं परत येतं. त्यामुळे तो उपाय बाजूला ठेवा आणि आधी एवढंच ठरवा की बिघाड तुमच्या पडद्यावर आहे की मेलच्या मजकुरात. या दोन दोषांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि बहुतेकांचा वेळ चुकीच्या बाजूला जातो.

त्यासाठी दोन चाचण्या पुरतात. लिहिलेला सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये टाका. पुढच्या खटपटीत मसुदा उडाला तरी मजकूर हाताशी राहतो हा एक फायदा. दुसरा असा की नोटपॅडला रंग, आकार, सजावट काही कळत नाही. तिथे अक्षरं शाबूत दिसली तर मूळ मजकूर ठीक आहे, गडबड सजावटीत किंवा पडद्यावर आहे. मग तोच मेल स्वतःलाच पाठवा आणि फोनवरच्या मेल ॲपमध्ये उघडा. तिथे नीट दिसला तर दोष फक्त तुमच्या ब्राउझरचा किंवा संगणकाचा आहे आणि समोरच्याला मेल व्यवस्थितच जातोय. तिथेही तीच गडबड असेल तर ती मेलच्या आत आहे. फोन डार्क मोडमध्ये असेल तर तेवढ्यापुरता बंद करा, कारण बरीच मेल ॲप डार्क मोडमध्ये आलेल्या मेलचे रंग आपल्या मनाने बदलतात.

दोष पडद्यावर असेल तर

पहिला संशय झूमचा. कंट्रोल दाबून माउसचं चाक चुकून फिरलं की झूम बदलतं, आणि क्रोम ते प्रत्येक साइटसाठी वेगळं लक्षात ठेवतो. म्हणूनच बाकीच्या साइट ठीक आणि फक्त मेलची साइट बारीक असं होतं. कंट्रोल आणि शून्य दाबा, झूम मूळ जागी येतं. मॅकवर कमांड आणि शून्य.

आजूबाजूची बटणं नेहमीच्या आकाराची आणि फक्त लिहिण्याच्या चौकटीतली अक्षरं बारीक असतील, तर मात्र झूमच्या मागे लागू नका. तो मेलसेवेच्या मूळ अक्षरशैलीचा प्रश्न असतो. जीमेलमध्ये गिअरवर क्लिक करून 'सी ऑल सेटिंग्ज' उघडा, 'जनरल' टॅबमध्ये 'डिफॉल्ट टेक्स्ट स्टाइल' शोधा, आकार 'नॉर्मल' करा आणि पानाच्या अगदी तळाशी जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबा. ते तळाचं बटण बरेच जण विसरतात. आउटलुकच्या वेब आवृत्तीत हीच सोय सेटिंग्जमधल्या 'मेल' खाली 'कंपोज अँड रिप्लाय' मध्ये आहे. बदल नव्या मेललाच लागू होतो, आधीच उघडलेल्या मसुद्यात काही बदलणार नाही.

सगळ्याच साइटवर अक्षरं एकमेकांवर चढत असतील किंवा बटणांबाहेर सांडत असतील तर ब्राउझरचं फॉन्ट सेटिंग बघा. क्रोममध्ये 'अपिअरन्स' खाली 'कस्टमाइझ फॉन्ट्स' आहे. मूळ आकार १६, किमान आकार शून्य. हा किमान आकार कुणी वाढवून ठेवला असेल तर छोट्या अक्षरांसाठी आखलेल्या जागा त्यांना पुरत नाहीत. फायरफॉक्समध्ये 'फॉन्ट्स' च्या 'ॲडव्हान्स्ड' चौकटीत किमान आकार असतो आणि तिथेच साइटला स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची खूणही असते. ती निघाली की सगळं जग एकाच फॉन्टमध्ये दिसायला लागतं. त्याच्याच 'व्ह्यू' मेनूत झूमखाली फक्त मजकूर मोठा करण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर चौकटी तेवढ्याच राहतात आणि अक्षरं फुगतात.

यातलं काही लागू नसेल तर खासगी विंडो उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन या विंडोत चालत नाहीत, त्यामुळे इथे मेल नीट दिसला तर चोर बहुधा सापडलाच. एकेक एक्स्टेन्शन बंद करत बसण्यापेक्षा निम्मी बंद करा, बघा, मग उरलेल्यांतली निम्मी. आधी पकडायची ती व्याकरण तपासणारी, पानं काळी करणारी, फॉन्ट बदलणारी आणि जाहिराती अडवणारी. जाहिरात-अडवणाऱ्या काही एक्स्टेन्शनमध्ये बाहेरून येणारे फॉन्ट अडवण्याचाही पर्याय असतो. तो चालू असला की टूलबारवरची चित्रं जातात आणि त्यांच्या जागी इंग्रजी शब्द किंवा चौकोन दिसतात. फायरफॉक्समध्ये 'हेल्प' मेनूतला 'ट्रबलशूट मोड' एका फटक्यात एक्स्टेन्शन आणि ग्राफिक्स प्रवेग (पान रंगवण्याचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवणं) दोन्ही बंद करून दाखवतो, तो जास्त सोयीचा.

ब्राउझरचं स्वतःचं भाषांतरही इथे नडतं. मेलच्या पानावर ते चालू राहिलं तर तुम्ही लिहीत असलेल्या चौकटीतला मजकूरही ते आपल्या खुणांमध्ये गुंडाळू पाहतं. मग कर्सर उड्या मारतो, अक्षरं दोनदा उमटतात. पत्त्याच्या पट्टीतल्या भाषांतराच्या चिन्हावरून मूळ भाषा परत आणा आणि या साइटचं भाषांतर कधीच करू नये असं सांगून टाका.

अक्षरं फुटलेली, अर्धवट, किंवा पान सरकवल्यावर मागे सावली राहत असेल तर ते ग्राफिक्सचं काम. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' खाली ग्राफिक्स प्रवेगाचा खटका आहे, तो बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. फरक पडला तर ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करा आणि खटका परत चालू करा. तो कायम बंद ठेवला तर व्हिडिओ आणि व्हिडिओ कॉलचा भार प्रोसेसरवर पडतो. अक्षरं नुसतीच धूसर असतील तर विंडोजमधलं 'क्लिअरटाइप', म्हणजे अक्षरांच्या कडा रेखीव करणारी सोय, जुळवून बघा.

एक जरा विचित्र प्रकार: सगळी रोमन अक्षरं तिरकी किंवा ठळकच दिसतात, काही केल्या सरळ होत नाहीत. जीमेलचा 'सान्स सेरिफ' म्हणजे विंडोजवर प्रत्यक्षात एरियल. त्या फॉन्टची साधी फाइल खराब झाली किंवा काढली गेली की ब्राउझर उरलेल्या तिरक्या किंवा ठळक फाइलवर भागवतो. विंडोजच्या 'फॉन्ट्स' मध्ये एरियल उघडून साधा, तिरका, ठळक आणि ठळक-तिरका हे चारही प्रकार आहेत ना ते बघा.

टाइप केलेलं दिसतच नाही

चौकटीत क्लिक करून कंट्रोल-ए दाबा. निवडीच्या रंगात अक्षरं उमटली तर मजकूर तिथेच आहे, फक्त पार्श्वभूमीच्या रंगात मिसळलाय. बहुतेक वेळा डार्क मोड आणि चिकटवलेला मजकूर यांची ही टक्कर असते. तुम्ही स्वतः टाइप केलेल्या अक्षरांवर रंगाची नोंद नसते, म्हणून ती डार्क मोडमध्ये पांढरी आणि लाइट मोडमध्ये काळी दिसतात. वर्डमधून आणलेल्या मजकुरावर मात्र 'काळा' अशी पक्की नोंद येऊ शकते, आणि ती काळ्या पार्श्वभूमीवर काळीच राहते.

अशा वेळी मजकूर निवडून त्याला पांढरा रंग देऊ नका. तुमच्या पडद्यावर तो दिसेल, पण पांढरी पार्श्वभूमी असलेल्या माणसाला कोरा मेल जाईल. रंगाची नोंद काढून टाकणं हाच उपाय, तो पुढे सांगतो. आउटलुकच्या वेब आवृत्तीत लिहिताना सूर्य-चंद्राचं एक बटण मिळतं. त्याने तेवढ्या मेलची पार्श्वभूमी पांढरी करून, समोरच्याला साधारण काय दिसेल ते बघता येतं.

सगळ्या संगणकाचेच रंग एकाएकी काळे-पिवळे झाले असतील तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या तीन कळा एकत्र दाबल्या गेल्या असणार. हा विंडोजचा जास्त कॉन्ट्रास्टचा खटका आहे. त्याच कळा परत दाबा.

चिकटवलेला मजकूर

मेलच्या आतल्या दोषांपैकी मोठा वाटा याचा. वर्ड किंवा एखाद्या वेबपानावरून कॉपी करता तेव्हा क्लिपबोर्डवर एकाच मजकुराच्या दोन प्रती तरी जातात, एक साधी आणि एक एचटीएमएलमधली, म्हणजे सजावटीसकट वेबपानांच्या भाषेतली. साधं पेस्ट केलं की मेलची चौकट एचटीएमएलची प्रत उचलते. तिच्याबरोबर फॉन्टचं नाव, आकार, रंग, मागचा रंग, ओळींमधलं अंतर, अक्षरांमधलं अंतर असं सगळं बिऱ्हाड येतं. कर्सर त्या तुकड्याच्या शेवटी असतो, म्हणून तुम्ही पुढे जे टाइप कराल तेही त्याच शैलीत उमटतं. 'मी काहीच बदललं नाही, फॉन्ट आपोआप बदलला' ही तक्रार इथून येते.

देवनागरीत याचे दोन खास परिणाम दिसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. मूळ दस्तऐवजात ओळींची उंची 'एक्झॅक्ट' अशी बांधलेली असेल तर रफार, अनुस्वार, वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. रोमन लिपीला पुरणारी उंची देवनागरीला पुरत नाही. दोन्हीत फॉन्ट बदलून काही होत नाही.

म्हणून पेस्ट करतानाच कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, त्याने साधी प्रत येते. मॅकवर क्रोममध्ये कमांड-शिफ्ट-व्ही, सफारीत त्यात ऑप्शनची कळ वाढवायची. आधीच चिकटवून झालं असेल तर तेवढा भाग निवडून टूलबारमधलं 'रिमूव्ह फॉरमॅटिंग' दाबा. जीमेलमध्ये कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ या कळांनीही तेच होतं. मात्र या बटणाची धाव अक्षरांपर्यंतच: फॉन्ट, आकार, रंग, ठळकपणा जातो. परिच्छेदावर बसलेली ओळींची उंची किंवा मजकुराभोवतीचा तक्ता तसाच राहू शकतो.

तेही काढायचं असेल तर जीमेलच्या लिहिण्याच्या चौकटीत खाली तीन टिंबांच्या मेनूत 'प्लेन टेक्स्ट मोड' चालू करा आणि लगेच बंद करा. सगळी सजावट धुऊन निघते. दुवे आणि मजकुरातली चित्रंही जातात, ती नंतर पुन्हा घालावी लागतात. बंद करायला विसरलात तर जीमेल तो पर्याय लक्षात ठेवतो. पुढच्या मेलमध्ये ठळक, रंग वगैरे बटणं गायब झाली, अशी जी तक्रार येते तिचं कारण बहुधा हेच.

पेस्ट न करताही फॉन्ट बदलण्याची एक वाट आहे. उत्तर लिहिताना तुमची ओळ आणि खालचा मजकूर यांमधली मोकळी जागा बॅकस्पेसने खाऊन दोन्ही जोडले की क्रोम खालच्या तुकड्याचं मूळचं रूप टिकवण्यासाठी त्यावर आकार आणि रंगाची नोंद चिकटवतो. पडद्यावर एकाच ओळीत दोन आकार दिसतात. त्या ओळीवर 'रिमूव्ह फॉरमॅटिंग' चालवलं की पुरे.

दर नव्या मेलमध्ये तोच त्रास होत असेल तर स्वाक्षरी तपासा. वर्डमध्ये सजवून आणलेली स्वाक्षरी सेटिंग्जमध्ये बसली की कर्सर तिच्या जवळ गेला रे गेला की तिची शैली पकडतो. ती पुसून साधी टाइप करा. वर्डच्या बिऱ्हाडाने मेलही फुगतो, आणि साधारण १०२ किलोबाइटच्या पुढे गेलेला मेल जीमेल मध्येच कापून 'पूर्ण मेल बघा' असा दुवा दाखवतो. लांबलेल्या पत्रव्यवहारात ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते.

मराठी अक्षरांचं काय होतं

इथे काय दिसतंय ते बारकाईने बघा, कारण प्रत्येक रूपाचं कारण वेगळं आहे.

रिकामे चौकोन म्हणजे अक्षर पोचलंय, पण ते काढायला त्या संगणकावर फॉन्ट नाही. विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' मध्ये देवनागरी असते, अँड्रॉइडवर 'नोटो सान्स देवनागरी', मॅकवर 'कोहिनूर देवनागरी'. त्यामुळे हे आता मुख्यतः लिनक्सवर किंवा फार जुन्या यंत्रावर दिसतं. नोटोचा देवनागरी फॉन्ट टाका आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. जुना 'मंगल' विंडोज १० मध्ये 'ऑप्शनल फीचर्स' मधल्या देवनागरीच्या पूरक फॉन्टांबरोबर येतो, मुळातच बसवलेला असेल असं धरू नका. जीमेलच्या यादीतले जॉर्जिया, व्हर्डाना, टाहोमा हे फॉन्ट तर मराठीसाठी निवडण्यात अर्थच नाही. त्यांत देवनागरी अक्षरं नाहीत, ब्राउझर दुसऱ्या फॉन्टमधून ती उसनी आणतो आणि कुठलाही निवडला तरी मराठी बहुधा तशीच दिसते. समोरच्याला ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर तो त्याच्याकडच्या फॉन्टचा प्रश्न आहे, मेलचा बिघाड नाही.

प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं, आणि दर वेळी पहिलं चिन्ह डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', असं दिसलं तर संकेतन, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत, चुकीचं वाचलं जातंय. यूटीएफ-८ या आजच्या रूढ संकेतनात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ते जुन्या पश्चिम युरोपीय संकेतनात वाचले की प्रत्येक बाइटचं एक चिन्ह होतं. सगळ्या देवनागरीचा पहिला बाइट एकच असल्यामुळे तोच 'ए' पुन्हा पुन्हा येतो. यात माहिती हरवलेली नसते. जीमेलमध्ये 'डाउनलोड मेसेज' करून ती फाइल दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये उघडून बघा, नाहीतर पाठवणाऱ्याला यूटीएफ-८ मध्ये पुन्हा पाठवायला सांगा. फायरफॉक्सच्या मेनूतली संकेतन-दुरुस्ती इथे उपयोगी नाही, कारण मेलचं पान स्वतः यूटीएफ-८ मध्येच असतं, चूक आतल्या मेलची असते.

नुसती प्रश्नचिन्हं आली असतील तर मात्र आशा सोडा. वाटेतल्या एखाद्या प्रोग्रॅमने देवनागरी न मावणाऱ्या संकेतनात मजकूर बदलला आणि मूळ अक्षरं तिथेच गेली. मूळ प्रत पुन्हा मागवण्याखेरीज मार्ग नाही.

रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांचा अर्थहीन कालवा, आणि नोटपॅडमध्येही तोच कालवा: हा श्रीलिपी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फॉन्टमधला मजकूर. त्यात मराठी मुळात नसतेच, रोमन अक्षरांवर मराठी चित्रं बसवलेली असतात. तो फॉन्ट काढला की आतली रोमन अक्षरं उघडी पडतात. समोरच्याला फॉन्ट पाठवून भागत नाही, फोनवर तो कामाचा नाही. त्या विशिष्ट फॉन्टसाठी बनवलेल्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकात) आणा आणि नंतर डोळ्यांनी वाचून घ्या. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे चुका राहतात.

टिंबांचं वर्तुळ म्हणजे मात्रेला टेकायला व्यंजन मिळालेलं नाही. टंकलेखनाच्या सवयीने ऱ्हस्व वेलांटी आधी मारली की हे होतं. पडद्यावर ती डावीकडे दिसली तरी इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिपींच्या प्रमाण कीबोर्डवर) आधी क आणि मग वेलांटी. 'ॲप' मधल्या पहिल्या अक्षराचंही तसंच. अ वर वेगळी अर्धचंद्र मात्रा लावली तर क्रोम आणि फायरफॉक्स त्या दोघांच्या मधे वर्तुळ घालतात. ॲ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या कीबोर्डांवर ते नाही.

'दुसऱ्या' चा 'दुसर्या' होणं हा त्यातला सगळ्यात चिवट प्रकार. काही टंकनसाधनं हा र एका अदृश्य जोडचिन्हाने बनवतात. वाटेतल्या एखाद्या फॉर्मने किंवा प्रोग्रॅमने ते चिन्ह गाळलं की र चा रफार होतो. त्याऐवजी ऱ, हलंत, य असं टाइप करा, त्यात गाळण्यासारखं काही नसतं. इनस्क्रिप्टमध्ये ऱ रोमन 'जे' च्या कळीवर शिफ्टसह आहे.

अक्षरं दुप्पट होत असतील किंवा शब्द अर्धाच मराठीत बदलत असेल तर दोन टंकनसाधनं एकाच वेळी चालू आहेत: जीमेलची स्वतःची इनपुट टूल्स आणि विंडोजचा मराठी फोनेटिक, किंवा त्यांच्या जोडीला एखादं एक्स्टेन्शन. एकच ठेवा. माझी पसंती ऑपरेटिंग सिस्टिमच्या कीबोर्डला, कारण तो सगळ्या प्रोग्रॅममध्ये सारखा चालतो.

दोष नसलेल्या गोष्टी आणि उरलेलं

मराठी शब्दांखालच्या लाल रेघा तुमच्यापुरत्याच असतात, मेलबरोबर जात नाहीत. बॅकस्पेस मात्रा आधी आणि व्यंजन नंतर खोडतो, तर डिलीट अख्खं जोडाक्षर उडवतो. दोन्ही ठरवून तसंच केलेलं आहे. मजकूर अचानक उजवीकडे चिकटून पूर्णविराम डावीकडे गेला असेल तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-एक्स दाबलं गेलंय, पुन्हा दाबा. क्रोममध्ये राइट क्लिक करून 'रायटिंग डिरेक्शन' बदला.

तुम्हाला सलग दिसणारे परिच्छेद समोरच्याला मध्येच तुटलेल्या ओळींत दिसत असतील तर तुम्ही प्लेन टेक्स्टमध्ये आहात. ईमेलच्या मानकात एका ओळीला ७८ अक्षरांची शिफारस आहे, म्हणून साध्या मजकुराच्या ओळी पाठवतानाच मोडल्या जातात. फोनच्या अरुंद पडद्यावर त्या आणखी एकदा मोडतात.

एवढं करूनही सुटलं नाही तर तेच खातं दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथेही तसंच दिसलं तर गडबड मेलसेवेच्या बाजूला असण्याचा संभव जास्त. कळवताना ब्राउझरचा आवृत्ती क्रमांक, खासगी विंडोत काय दिसतं ते, आणि एक स्क्रीनशॉट द्या. मजकूर कॉपी करून पाठवला तर बिघाड त्यांना दिसेलच असं नाही.